वात्स्यायन बोलतोय की अनुवादक? अनुवादातून ‘कामसूत्र’ वाचताना

प्रयोगशाळेत आपण कुठल्याही उपकरणाचं रीडिंग डोळे झाकून वहीत उतरवत नाही. आधी माहीत असलेलं प्रमाण लावून उपकरण किती बरोबर दाखवतंय ते तपासतो, म्हणजे कॅलिब्रेशन करतो. अनुवाद हेही एक उपकरणच आहे. मूळ भाषा येत नसेल तर ग्रंथ त्याच्यातूनच दिसतो. तरीही प्रबंधात आपण सर्रास ‘वात्स्यायन म्हणतो’ असं लिहून मोकळे होतो. यात काय धोका आहे, ते ‘कामसूत्रा’च्या दोन इंग्रजी अनुवादांवरून बघू या.

आधी ग्रंथाबद्दल थोडं. साधारण तिसऱ्या शतकाच्या आसपासचा हा संस्कृत ग्रंथ. सात अधिकरणं, छत्तीस अध्याय. ज्या विषयासाठी तो जगभर ओळखला जातो, त्या शरीरसंबंधांवर दुसरं अधिकरण आहे, म्हणजे छत्तीसपैकी दहा अध्याय. त्यातही आसनांचा भाग थोडाच. बाकीच्या ग्रंथात शहरी, पैसेवाल्या नागरकाची दिनचर्या आहे, लग्न जुळवणं आहे, पत्नीचं वागणं, परस्त्री, गणिकेचा व्यवसाय आणि शेवटी औषधी-तोडगे आहेत. थोडक्यात, हा नातेसंबंधांवरचा ग्रंथ आहे. त्यामुळे त्यात कोण कोणाशी कसं बोलतं, याला फार महत्त्व आहे.

पहिला इंग्रजी अनुवाद १८८३ सालचा. रिचर्ड बर्टन आणि मुंबई इलाख्यात नोकरी केलेले फॉर्स्टर फिट्झजेराल्ड अर्बथनॉट यांनी तो ‘कामशास्त्र सोसायटी’च्या नावाखाली खासगीरीत्या छापला. इंग्लंडमध्ये अश्लील प्रकाशनाचा कायदा असल्यामुळे हा आडोसा. पण संस्कृतचं मुख्य काम केलं ते भगवानलाल इंद्रजी आणि शिवराम परशुराम भिडे यांनी. भगवानलाल म्हणजे नाणेघाटातल्या सातवाहन लेखांवर काम करणारे आणि १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उकरणारे विद्वान. तरी पुढे पुस्तकाला चिकटलं ते बर्टनचंच नाव. रात्रंदिवस डेटा गोळा करणाऱ्याचं नाव पेपरवर न येणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता कॅलिब्रेशनकडे येऊ. चौथ्या अधिकरणाचा पहिला अध्याय उघडा. नवऱ्याने बाहेरख्यालीपणा केला तर पत्नीने काय करावं, असा मुद्दा आहे. १८८३चा अनुवाद सांगतो की तिने त्याला फार दोष देऊ नये, वाईट शब्द वापरू नयेत, समजुतीच्या भाषेत बोलावं. २००२ साली वेंडी डोनिगर आणि सुधीर कक्कर यांचा अनुवाद ऑक्सफर्डने काढला. त्यात हीच पत्नी फार ताणत नाही हे खरं, पण नवरा एकटा असताना किंवा मित्रांमध्ये बसलेला असताना त्याला चांगले खडे बोल सुनावते.

दोन्ही बरोबर असू शकत नाहीत. मग कोणाचं मानायचं? इथे मराठी वाचकाच्या हातात एक सोय आहे. मूळ सूत्रात शब्द आहे ‘साधिक्षेप’. अधिक्षेप म्हणजे काय हे आपल्याला मराठीतूनच कळतं: निंदा, अपमान. त्याच्या लगेच पुढे ‘तु’ आहे, म्हणजे ‘पण’. फार दोष देऊ नये, पण अधिक्षेपाचे शब्द वापरून जाब विचारावा, असा सरळ अर्थ लागतो. म्हणजे जुन्या अनुवादात अर्थाची दिशाच फिरली आहे. हा किरकोळ फरक नाही. हा अनुवाद आज इंटरनेटवर फुकट मिळतो, म्हणून त्याचे संदर्भ देणं सोपं जातं. त्यावर विसंबून कोणी ‘प्राचीन भारतात पत्नीकडून मूकपणाची अपेक्षा होती’ असा निष्कर्ष काढला, तर पुरावा म्हणून पुढे केलेलं वाक्य वात्स्यायनाचं नसतंच.

डोनिगर यांनी आणखी दोन गोष्टी दाखवल्या आहेत. मूळात जिथे स्त्रिया स्वतःच्या तोंडून बोलतात, तिथे जुन्या अनुवादात बरेचदा त्यांचं बोलणं अप्रत्यक्ष होतं. वाक्य राहतं, आवाज जातो. दुसरं, ‘तृतीया प्रकृती’ या संज्ञेसाठी तिथे हिजडा किंवा खोजा अशा अर्थाचा इंग्रजी शब्द वापरला आहे. मूळ ग्रंथ मात्र स्त्रीरूपाच्या आणि पुरुषरूपाच्या अशा दोन प्रकारच्या व्यक्तींबद्दल बोलतो. अंगमर्दनाचा व्यवसाय करणारा, पुरुषाच्या रूपात वावरणारा माणूसही त्यात येतो. एका शब्दाने हा सगळा वर्ग शारीरिक व्यंगाच्या खात्यात जमा झाला.

म्हणजे नवा अनुवाद घ्या आणि निश्चिंत व्हा, असं का? तसंही नाही. डोनिगर-कक्कर यांची मोठी जमेची बाजू ही, की तेराव्या शतकातल्या यशोधराच्या ‘जयमंगला’ टीकेतले उतारे त्यांनी सूत्रांपासून वेगळे छापले आहेत. सूत्र आणि टीका यांत जवळजवळ हजार वर्षांचं अंतर आहे, ते वाचताना दिसत राहतं. पण कक्कर मनोविश्लेषक होते आणि डोनिगर स्त्रियांचा आवाज शोधत वाचतात. प्रस्तावनेतला वात्स्यायन त्यामुळे आपल्या काळाच्या फारच जवळचा वाटायला लागतो. याच ग्रंथाच्या तिसऱ्या अधिकरणात मुलीला गुंगीत ठेवून तिच्याशी विवाह उरकण्याचे मार्गही नोंदवले आहेत. प्रस्तावना वाचून मत बनवलं आणि हा भाग वगळला, तर आपणही बर्टनसारखीच सोयीची निवड करत असतो, फक्त उलट्या बाजूने.

अजून एक सापळा आहे, आणि तो कुठल्याही अनुवादात लागतो. वात्स्यायन आधीच्या आचार्यांची मतं मांडतो, मग स्वतःचं मत देतो. आपल्या भाषेत, लिटरेचर रिव्ह्यू आधी आणि डिस्कशन नंतर! दुसऱ्या अधिकरणाच्या पहिल्या अध्यायात स्त्रीला पुरुषासारखी तृप्ती मिळते का, यावर असाच वाद आहे. औद्दालकी म्हणतो, तशी मिळत नाही. बाभ्रव्याच्या परंपरेचं म्हणणं, तिचं सुख सुरुवातीपासून सलग असतं. वात्स्यायनाचं उत्तर असं, की दोघांची जात एकच, भूमिका तेवढ्या वेगळ्या, म्हणून सुखही सारखंच. त्यावरून पुढे तो सांगतो की स्त्रीला आधी तृप्ती मिळेल असं पुरुषाने वागावं. आता औद्दालकीचं वाक्य उचलून ‘कामसूत्रात असं म्हटलंय’ लिहिलं, तर पान क्रमांक बरोबर असेल, पण संदर्भ साफ चुकलेला असेल.

आणि जिथे वात्स्यायन स्वतः बोलतो, तिथेही सावध राहा. वेगवेगळ्या प्रदेशांतल्या स्त्रियांच्या सवयी सांगताना तो महाराष्ट्रातल्या बायकांना अश्लील आणि कठोर बोलणं आवडतं, असं ठोकून देतो. सॅम्पल साइझ विचारू नका! हे विधान त्या काळच्या नागरकांच्या गप्पांबद्दल काही सांगतं. स्त्रियांबद्दल ते काही सिद्ध करत नाही.

मग करायचं काय? संस्कृत शिकायला पाच वर्षं काढा, असं मी म्हणणार नाही. तुमचा युक्तिवाद ज्या शब्दावर उभा आहे, तो एक शब्द शोधा आणि मूळ संहितेत तपासा. शक्य असेल तर दोन अनुवाद शेजारी ठेवा. ते जिथे भांडतात, नेमकं तिथेच काम असतं. वाक्य सूत्रातलं, टीकेतलं की पूर्वपक्षाचं, हे टिपणातच लिहून ठेवा, कारण सहा महिन्यांनी आठवत नाही. आणि संदर्भात फक्त वात्स्यायनाचं नाव देऊन थांबू नका. अनुवाद कोणाचा, कोणत्या साली झाला, तेही लिहा. १८८३ची प्रत वापरत असाल, तर त्या ओळीत भगवानलाल इंद्रजी आणि शिवराम परशुराम भिडे ही नावं लिहायला एक मिनिटही लागत नाही.