मुक्काम शेंडेनक्षत्र : एक दुर्लक्षित पुस्तक

इंदूरला १९१० साली जन्मलेले भा. रा. भागवत आपल्याला ‘फास्टर फेणे’मुळे ठाऊक असतात, विज्ञानकथेच्या रसिकांनी मात्र त्यांचे ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ मिळवून वाचावे. ज्यूल व्हर्नच्या १८७७ च्या कादंबरीचा हा मराठी अवतार. धूमकेतू पृथ्वीला घासून जातो आणि भूमध्यसमुद्राकाठचे काही तुकडे माणसांसकट उचलून नेतो. अशा धडकेत कोणी वाचणार नाही, हे शाळकरी पोरालाही कळते. ज्यू व्यापाऱ्याचे व्हर्नने केलेले विकृत चित्रण तर आज खटकतेच. तरीही जिब्राल्टरचे ते इंग्रज अधिकारी विसरता येत नाहीत. पायाखालची भूमी अंतराळात भरकटली, तरी ते बुद्धिबळाचा डाव मांडून मायदेशाच्या हुकमाची वाट पाहत बसतात. व्हर्न त्यांना मनसोक्त हसतो. पिढ्यान्‌पिढ्या मुलखाबाहेर राहिलेल्या आपल्यासारख्यांना ते हसू जरा जपूनच येते.