नाण्यावरील शब्द आणि संग्राहकाची कसोटी

प्राचीन चिनी नाण्यांचे संग्राहक दुर्मिळतेलाच मूल्य मानतात. वांग मांगने इ. स. ७ मध्ये काढलेले, सोन्याची अक्षरे जडविलेले सुरीच्या आकाराचे नाणे त्यांना म्हणूनच मोलाचे वाटते. ही कसोटी अपुरी होय. छिन साम्राज्याच्या नाण्यावरील 'बान-ल्यांग' या लेखाचा अर्थ अर्धा ल्यांग, म्हणजे १२ चू वजन. इ. स. पू. १७५ मध्ये हान सम्राट वेन याने ते वजन ४ चूंवर आणले. अक्षरे मात्र तीच राहिली. वजनवाचक शब्द केवळ नाव बनला. इ. स. ६२१ च्या थांग नाण्यावरून तर वजनाचा उल्लेखच गेला. अर्थांतराचा हा पुरावा सामान्य नाण्यांच्या क्रमातच सापडतो. तो क्रम मोडून दुर्मिळ तेवढे वेचणारा संग्रह शोभिवंत ठरेल. अभ्यासाचे साधन ठरणार नाही.