ऑस्ट्रियाच्या संयुक्त मंत्रिमंडळाचीं टिपणें

ऑस्ट्रियाच्या मंत्रिमंडळांत १९४५ ते १९५२ या काळांत ज्यूंच्या नुकसानभरपाईविषयीं झालेल्या चर्चेचीं शब्दशः टिपणें ब्रिटिश इतिहासकार रॉबर्ट नाइट यांनीं निवडून १९८८ सालीं छापिलीं. साधन अस्सल आहे; तें उजेडांत आणल्याबद्दल संपादकाचे आभार मानलेच पाहिजेत. आमची तक्रार आहे ती निवडीच्या पद्धतीविषयीं.

ता. २७ एप्रिल १९४५ रोजीं कार्ल रेनर यांच्या पुढारीपणाखालीं तीन पक्षांनीं स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढिला. देश हिटलरच्या आक्रमणास बळी पडला, हा त्याचा मुख्य सूर. युद्धांतील सहभागाची जबाबदारी ऑस्ट्रियास टाळतां येणार नाहीं, असें १९४३ च्या मॉस्को येथील घोषणेंत स्पष्ट होतें. जाहीरनाम्यांत त्याचा उल्लेख आला तो शेवटीं व हातचें राखून. जाहीरनामा ही बखर मानली, तर हीं टिपणें दप्तरांतील अस्सल पत्रें होत.

नोव्हेंबर १९४५ च्या निवडणुकींत १६५ पैकीं लोकपक्षास ८५, समाजवाद्यांस ७६ व कम्युनिस्टांस ४ जागा मिळाल्या. बहुमत असूनहि लिओपोल्ड फिग्ल यांनीं तिन्ही पक्षांस मंत्रिमंडळांत घेतलें. देशावर चार परकी सैन्यांचा ताबा होता. १९४७ त एकुलता कम्युनिस्ट मंत्री बाहेर पडला. राहिलेल्या दोन पक्षांच्या पूर्वाधिकाऱ्यांनीं १९३४ त एकमेकांवर शस्त्र धरलें होतें. तरी या एका प्रश्नांत त्यांचा सूर कसा जुळतो तें ता. ९ नोव्हेंबर १९४८ च्या बैठकींत दिसतें. समाजवादी गृहमंत्री हेल्मर यांनीं प्रकरण लांबणीवर टाकावें असें सांगितलें; लोकपक्षाचे कृषिमंत्री क्राउस यांनीं एका वंशास खास सवलती कशाला, असा आक्षेप घेतला. तारीख ध्यानांत घ्यावी: ज्यूंच्या प्रार्थनामंदिरांच्या जाळपोळीस त्या दिवशीं बरोबर दहा वर्षें भरत होतीं!

हेल्मर यांचेंच वाक्य संपादकांनीं पुस्तकाच्या नांवासाठीं घेतलें, हें आम्हांस पटत नाहीं. याच सरकारच्या काळांत १९४६ ते १९४९ मध्यें मालमत्ता परत करण्याचे सात कायदे झाले. शिवाय तेथील मंत्रिमंडळाचे निर्णय एकमतानेंच होतात. म्हणजे प्रत्येक पक्षाच्या हातीं नकार असतो, आणि एका विषयावरील होकार दुसऱ्या विषयावरील सवलतीच्या मोबदल्यांत मिळूं शकतो. एकाच विषयाचे वेंचे घेतले म्हणजे ही देवघेव वाचकास दिसत नाहीं. रुमालांतील चार पत्रें उचलून बाकीचीं टाकणाऱ्या संग्राहकास आपण दोष देतों, तो येथेंहि लागू आहे.

पुढें रेनर यांच्या मंत्रिमंडळाचीं टिपणें तीन खंडांत निघालीं, व फिग्ल यांचींहि क्रमवार छापण्यास आरंभ झाला. नाइट यांचें पुस्तक त्यांच्या शेजारीं ठेवूनच वाचावें.