९५ टक्के आणि ९५.०० टक्के

पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला. तेव्हाच्या निवेदनात म्हटलं होतं की, बँकेने दिलेल्या माहितीनुसार ९५ टक्के ठेवीदारांना ठेव विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल. माझ्या एका जुन्या तक्त्यात हाच आकडा ९५.०० असा छापला गेला. कारण काय, तर सगळ्या स्तंभांना मी सरसकट टूफिक्स्ड(२) लावलं होतं. दिसायला नीटनेटकं! पण ती दोन शून्यं आणली कुठून? मूळ प्रमाण ९४.६ असेल किंवा ९५.४, निवेदनात ते नाहीच. (शिवाय ते ठेवीदारांचं प्रमाण आहे, ठेवींचं नव्हे. हा घोळ तर कितीतरी जण घालतात.)

हे किरकोळ वाटत असेल तर पुढचं बघा. फॉरमॅट केल्यावर हातात उरतो तो मजकूर, संख्या नाही. विम्याची पाच लाखांची मर्यादा इंग्रजी अंकांत, स्वल्पविरामांसह साठवली आणि पुढे पार्सफ्लोटने वाचली, की जावास्क्रिप्ट पहिल्या स्वल्पविरामापाशीच थांबतं. पाच लाखांचे झाले पाच रुपये. एरर येत नाही, काही नाही. आता प्रत्येक ठेव मर्यादेबाहेरची ठरते आणि तुमच्या निष्कर्षात जवळपास कुणालाच पूर्ण पैसे मिळत नाहीत. तेच अंक देवनागरीत असते तर निदान 'संख्या नाही' असं उत्तर आलं असतं, चूक लगेच कळली असती.

व्याजाचंही तसंच. बँकेने व्याज जवळच्या रुपयात द्यायचं, ५० पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया, असा रिझर्व्ह बँकेचा नियम. पायथॉनचं राउंड(४२.५) मात्र ४२ देतं, बरोबर मध्यावरची संख्या ते सम संख्येकडे नेतं. संख्याशास्त्राच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही, पण पासबुकात ४३ असतात. त्यासाठी डेसिमल मॉड्यूल घ्यायचं आणि राउंड-हाफ-अप स्वतः सांगायचं. 'दोन दशांश घे, झालं' असं शिकवणारे हे सांगत नाहीत, याचा मला खरंच राग येतो.

आता मी रकमा पैशांत, पूर्णांकात ठेवते. स्वल्पविराम आणि दशांश अगदी शेवटी, छापताना. आणि त्या तक्त्यात आता नुसतं ९५ आहे, शेजारी कंसात 'ठेवीदार'.