एका जपानी मद्याचे रसग्रहण

दिवाळी अंकात मद्यावर लिहायला घेतले आहे, तेव्हा आधीच सांगून टाकतो की मी पिणारा नव्हे. आमच्या घरात पिणारे एकच होऊन गेले, माझे धाकटे काका. त्यांच्यापायी विहिरीकडचा तुकडा गेला, मग बैल गेले आणि शेवटी काकाही गेले. काकू आज पंच्याऐंशीच्या घरात आहेत आणि माझ्याकडेच असतात. म्हणजे ज्या घरात 'बाटली' हा शब्दसुद्धा रॉकेलच्या संदर्भातच उच्चारला जायचा, त्या घरात बसून मी हा लेख लिहितो आहे.

आमचे सुपे म्हणजे पारनेर तालुक्यातले. शहाजीराजांच्या जहागिरीतले सुपे ते नव्हे, ते बारामतीकडचे. आमच्या वाट्याला इतिहास थोडा आणि पाऊस त्याहून थोडा. बाजरी, ज्वारी, मटकी ही इथली पिके. भात पाहायचा तर याच जिल्ह्यात पार अकोल्याच्या डोंगरात जावे लागते. अशा या कोरड्या गावाच्या माळावर औद्योगिक वसाहत झाली, तिच्यात जपानी कारखान्यांसाठी वेगळा विभाग राखला गेला, आणि पुणे-नगर रस्त्यावर जपानी अक्षरांच्या पाट्या दिसू लागल्या. माझा पुतण्या तिथे दुभाष्याचे काम करतो. त्याच्याबरोबर गेल्या दिवाळीत एक जपानी गृहस्थ फराळाला आले आणि त्यांनी कमरेत वाकून, दोन्ही हातांनी, रेशमी रुमालात गुंडाळलेली एक बाटली माझ्यापुढे धरली. आत साके होती. आणि तीही साधी नव्हे, 'जुनमाई दाईगिंजो', त्यांच्याकडची अव्वल दर्जाची.

नाही म्हणणे असभ्य आणि हो म्हणणे कठीण. इथून जवळच राळेगणसिद्धी आहे. १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून गावी परतले आणि तिथल्या दारूच्या भट्ट्या बंद झाल्या, ही हकीकत आमच्याकडची पोरेही सांगतात. शिवाय १९४९ सालचा दारूबंदी कायदा नाव बदलून आजही आहे, आणि पिणाऱ्याने परवाना बाळगावा असे त्यात आहे. मी बाटली माळ्यावर ठेवली, रीतसर परवाना काढला आणि मगच पुतण्याच्या बिऱ्हाडी जाऊन ती उघडली. चाळीस वर्षे कवितांची परीक्षणे लिहिलेल्या माणसाने न वाचता मत देऊ नये, एवढाच माझा युक्तिवाद होता. तो काकूंना पटला नाही, हेही नमूद करतो.

आता कृतीकडे येतो, कारण या पेयाचे सारे सौंदर्य कृतीत आहे. द्राक्षांत साखर तयारच असते; ती आंबली की वारुणी झाली. तांदुळात साखर नाही, नुसते सत्त्व. म्हणून जपानी लोक वाफवलेल्या भातावर 'कोजी' नावाची बुरशी पेरतात आणि उबदार खोलीत दोन दिवस तिची बाळंतिणीसारखी निगा राखतात. ही बुरशी सत्त्वाची साखर करते आणि त्याच पिंपात, त्याच वेळी, किण्व त्या साखरेचे मद्य करीत असते. बियरमध्ये ही दोन कामे एकामागून एक होतात, इथे ती हातात हात घालून चालतात. पिंपात भात एकदम घालीत नाहीत, तीन हप्त्यांनी घालतात. आणि पहिल्या हप्त्यानंतर एक दिवस काहीच न घालता थांबतात. या थांबण्याच्या दिवसाला त्यांच्या भाषेत 'नाच' म्हणतात. मग थंडीत, महिनाभर, अगदी सावकाश आंबवणे. सर्वांत नाजूक साके तर दाबून काढीतच नाहीत. आपण श्रीखंडाचा चक्का टांगतो तशी पिशव्यांत टांगतात आणि आपसूक गळेल तेवढीच घेतात.

हे ऐकून माझ्या पत्नीने विचारले, "मग आपले अनारसे वेगळे ते काय?" प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. तीन दिवस तांदूळ भिजवायचा, रोज पाणी बदलायचे, सावलीत सुकवायचा, कुटायचा, गूळ घालून मुरत ठेवायचा. तिथेही तांदूळ आणि धीर याच दोन गोष्टी लागतात. आणि तांदुळाचे मद्य आपल्याला परके होते असेही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातले 'मेदक' हे तांदूळ आणि किण्व यांचेच. आपण ती वाट सोडली, जपान्यांनी ती शेवटपर्यंत चालून पाहिली. २०२४ साली युनेस्कोने त्यांच्या या विद्येला मानवजातीच्या वारशात स्थान दिले.

'दाईगिंजो' या बिरुदाची अट मोठी गमतीची आहे. तांदुळाचा दाणा बाहेरून घासत जायचे आणि निम्मा किंवा त्याहूनही कमी उरला पाहिजे. बाहेरच्या थरांत मेद आणि प्रथिने असतात, ती चवीला जडपणा आणतात. मधला पांढरा गाभा तेवढा हवा. त्यासाठी 'यामादा निशिकी' नावाचे खास वाण आहे. १९२३ साली ह्योगो प्रांतात त्याचा संकर झाला आणि १९३६ साली त्याला नाव मिळाले. काही कारखाने तर दाणा घाशीत शेकडा तेवीसवर आणतात. गावाचे नाव सुपे असल्यामुळे असेल, मला पाखडणे ठाऊक आहे. पण सुपातून कोंडा उडतो, इथे दाणाच उडवायचा! फुकट काही जात नाही हे खरे. त्या पांढऱ्या पिठाच्या कुरकुरीत चकत्या करतात.

चव सांगतो. बशीएवढ्या पेल्यात, बरीच थंड करून दिली होती. रंग जवळजवळ नाहीच. नाकाशी नेताच खरबूज, मग पिकलेले वेलची केळे. ज्यात फळाचा अंशही नाही त्यातून फळांचा दरवळ यावा, याचे नवल तिसऱ्या घोटापर्यंत पुरले. जिभेवर मऊ, किंचित गोड, आणि गिळल्यावर असे स्वच्छ नाहीसे होणे की आपण प्यालो की नाही अशी शंका यावी. पहिल्या प्रतीची गोष्ट आहे, यात वाद नाही.

पण इथेच माझी तक्रार सुरू होते. दुसऱ्या पेल्यानंतर माझ्या लक्षात आले की मला तेच तेच सुंदर वाक्य पुन्हा ऐकवले जात आहे. आपल्याकडे काही कवी असे होऊन गेले. अनुभवाची टरफले काढता काढता त्यांनी अनुभवच काढून टाकला, आणि मागे उरले ते निर्दोष, थंड, हातात न राहणारे. दोष काढणे ही कला खरी, पण दाण्याचा स्वभावही त्या दोषांच्या शेजारीच राहत असतो. योगायोग पाहा, जपानच्या 'मान्योशू' या प्राचीन काव्यसंग्रहात ओतोमो नो ताबितो या आठव्या शतकातल्या अधिकारी-कवीची साकेच्या स्तुतीची तेरा कवने आहेत, आणि त्याने गौरवली आहे ती गढूळ, न गाळलेली साके.

पुतण्याने मग साध्या 'जुनमाई'ची दुसरी बाटली आणली. हिचा तांदूळ कमी घासलेला. जपानी गृहस्थांनी ती गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट केली. साकेच्या ऊनपणाला त्यांच्याकडे पायरीपायरीने नावे आहेत: उन्हाची ऊब, माणसाच्या कातडीची ऊब, आणि थंडीकडे उतरले तर वाऱ्याचा गारवा, फुलांचा, बर्फाचा. ही नावे ऐकूनच मी निम्मा जिंकला गेलो. आणि ती कोमट साके! तिच्यात भाताच्या पेजेचा वास होता, थोडा आंबटपणा, थोडा खरखरीतपणा, आणि शेवेबरोबर ती जी रंगली ती पहिली रंगली नव्हती. पहिली अन्नाला शेजारी बसू देत नाही. माझा कौल दुसरीला, मग दर्जाच्या उतरंडीत ती खाली असो.

एक गोष्ट मात्र चवीपलीकडची. साके स्वतःच्या पेल्यात स्वतः ओतायची नाही, शेजाऱ्याने ओतायची, असा त्यांचा रिवाज. मला काका आठवले. ते नेहमी एकटे, पाठमोरे, स्वतःच ओतून घेत. मी त्या गृहस्थांना विचारले, "या रिवाजामुळे तुमच्याकडे कुणाची घरे बुडत नाहीत का हो?" पुतण्याने भाषांतर केले. ते हसले नाहीत, बराच वेळ पेल्याकडे पाहत राहिले, आणि नंतर त्यांनी अनारशांबद्दल काहीतरी विचारले. मीही पुन्हा विचारले नाही.

घरी आलो तर काकू जाग्या होत्या. त्यांनी मला जवळ बोलावले, तोंडाचा वास घेतला आणि म्हणाल्या, "ह्याला अनारशाच्या पिठासारखा वास येतोय रे. त्यांच्या तोंडाला असा नव्हता कधी." मग कूस बदलून म्हणाल्या, "तरी घरात आणू नको."

उरलेली बाटली पुतण्याकडेच आहे.