शेर खानचा आवाज : अॅनिमे, हिंदी डबिंग आणि मराठी उच्चार

भाषांतराभ्यासात संहितेला जेवढे स्थान मिळाले, तेवढे ती संहिता उच्चारणाऱ्या कंठाला मिळालेले नाही. नाटकाच्या संदर्भात ही उणीव काही अंशी भरून निघाली. डब केलेल्या चित्रमालिका मात्र अद्याप बालरंजनाच्या कप्प्यातच राहिल्या आहेत. जपानी अॅनिमेच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष खटकते, कारण तेथे आवाज हा चित्राला केवळ पूरक नसून पुष्कळदा त्याचा आधार असतो.

याचे मूळ निर्मितिपद्धतीत आहे. ओसामू तेझुका यांच्या ‘तेत्सुवान आतोमु’ (१९६३) या दूरचित्रवाणी मालिकेपासून थोड्या चित्रांत अधिक कथा सांगण्याची काटकसर जपानमध्ये रूढ झाली. देह स्थिर, पार्श्वभूमी सरकती, ओठांच्या हालचाली मोजक्याच. मांगाच्या छापील चौकटीत अक्षरांचा आकार आणि ध्वन्यनुकारी शब्द जे सुचवतात, ते पडद्यावर आवाजाच्या अभिनेत्याला, म्हणजे जपानी ‘सेइयू’ला, कंठाच्या बळावर उभे करावे लागते. ‘ड्रॅगन बॉल’मधील गोकू या मुलाला १९८६ साली आवाज दिला तो मासाको नोझावा या अभिनेत्रीने, आणि तो मोठा झाल्यावरही आवाज तिचाच राहिला.

स्थिर चित्र आणि चालता आवाज हे नाते मराठी परंपरेला परके नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथीच्या पोथीतील एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातील आख्याने सादर करतात. जपानमधील ‘कामिशिबाई’ हा कागदी चित्रांचा खेळही याच जातीचा. एवढ्या साम्यावरून प्रभावाचा दावा करणे अर्थातच घाईचे ठरेल.

या नात्याची कसोटी पाहण्यास ‘जंगल बुक शोनेन मोगली’ ही निप्पॉन अॅनिमेशनची ५२ भागांची मालिका (१९८९-९०) उपयुक्त आहे. रडयार्ड किपलिंगने मूळ कथा (१८९४) इंग्रजीत लिहिल्या. पण त्यांतील सिवनीचे अरण्य त्या काळच्या मध्य प्रांतातले. नागपूर ही त्या प्रांताची राजधानी, आणि रायपूरही त्याच प्रांतात. म्हणजे शेजारची कथा इंग्रजीतून जपानीत गेली आणि १९९३ मध्ये दूरदर्शनवरून हिंदीत परतली. ‘शेर खान’ वा ‘अकेला’ ही नावे जपानी कानाला निव्वळ ध्वनी होती; हिंदीत त्यांना पुन्हा अर्थ प्राप्त झाला.

हिंदी शेर खानला आवाज होता नाना पाटेकर यांचा. किपलिंगचा वाघ जन्मतः लंगडा आणि बढाईखोर आहे. त्याच्याकडे तुच्छतेने पाहता येते. पाटेकरांच्या कंठातून ती तुच्छता नाहीशी होते. त्यांचा वाघ गर्जनेवर नव्हे, बोलण्याच्या तोडणीवर उभा आहे : वाक्य मध्येच थांबवायचे, विराम ताणायचा, उरलेला शब्द फेकायचा. जयवंत दळवी यांच्या ‘पुरुष’ नाटकातील त्यांचा गुलाबराव ज्यांनी पाहिला, त्यांना ही धमकी ओळखीची वाटावी. श्वापदाच्या जागी सत्तेची चटक लागलेला माणूस बोलतो. हा अर्थ संवादलेखकाच्या कागदावर कितपत होता, हा प्रश्न गौण आहे. तो उच्चारात सिद्ध झाला.

रायपूरच्या समता कॉलोनीतील मराठी घरांत ही मालिका कशी ऐकली गेली असेल, हा विचार येथे उद्बोधक ठरतो. शेजारच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळ (स्थापना १९३५) आहे. परंतु शाळेची आणि रस्त्याची भाषा हिंदी, भोवताली छत्तीसगढी. अशा घरात मराठी वळणाची हिंदी रोजच बोलली जाते, आणि बाहेर ती थट्टेचा विषय होऊ शकते. येथे तीच हिंदी जंगलातील सर्वांत भयंकर प्राण्याच्या तोंडी आली.

मराठी भाषकांनी हिंदीला वाणी देण्याची रीत या शहराला जुनीच आहे. ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत आणणारे माधवराव सप्रे रायपूरचेच म्हणून ओळखले जातात. ‘निंजा हातोरी’च्या हिंदी आवृत्तीत हातोरीचा आवाज मेघना एरंडे यांचा आहे. देण्याची बाजू अशी भक्कम. घेण्याची मात्र रोडावलेली. २०२५ मध्ये ‘डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल’ भारतात मूळ जपानीबरोबर इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू या भाषांत प्रदर्शित झाला. २०११ च्या जनगणनेत आठ कोटींहून अधिक लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेली मराठी त्या यादीत नव्हती.

ही तक्रार रास्त आहे, पण तिच्यात एक पेच दडलेला आहे. ‘मोगली’ त्याच वेळी मराठीत डब झाली असती, तर सारेच प्राणी मराठी उच्चारात बोलले असते आणि शेर खानच्या बोलण्यातील ते वळण कोणाच्या कानाला वेगळे लागलेच नसते.