विठाबाई : एका रात्रीच्या पलीकडे

विठाबाई नारायणगावकर हे नाव काढलं, की बारामती-इंदापूरकडच्या कुठल्याही पारावर एकच गोष्ट ऐकायला मिळते. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या होत्या, कळा आल्या, पडद्यामागं बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला निघाल्या. ही गोष्ट अंगावर काटा आणते. पण आमचा मुद्दा असा, की तिनं विठाबाईंची कलाच झाकून टाकलीय. त्यांनी काय सोसलं हे सगळ्यांना पाठ आहे. त्या काय करायच्या, हे कुणी सांगत नाही.

विठाबाई १९३५ साली पंढरपुरात जन्मल्या. वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या फडात त्या वाढल्या. हा ढोलकीफड. संगीतबारीत लावणी मुख्य. फडात मात्र गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. म्हणजे रात्रीच्या पहिल्या प्रहरात जी गवळण होऊन कृष्णाशी भांडते, तीच बाई पहाटे वगातली राणी नाहीतर दुखावलेली बायको होते. गळा, पाय आणि अभिनय, तिन्ही एकाच अंगात लागतात. त्यांना नुसतं ‘लावणीसम्राज्ञी’ म्हणणं म्हणूनच अपुरं वाटतं. वगाचे संवाद बरेचदा लिहिलेले नसतात. समोरचा गाव बघून प्रसंग वाढवायचा की आवरायचा, हे बोर्डावरच ठरतं. ही नटाची बुद्धी आहे, नुसती अदा नव्हे.

आता रशियाकडं बघा. मारिया येर्मोलोवाचे वडील मॉस्कोच्या माली थिएटरात प्रॉम्प्टर होते. तीही रंगभूमीच्या घरातलीच. १८७० साली ती त्याच थिएटरात पहिल्यांदा गाजली. तिच्या भूमिकांवर लिहिलं गेलं, १९०५ साली सेरोवनं तिचं चित्र काढलं, मॉस्कोत तिच्या नावाचं थिएटर आहे. ती कशी उभी राहायची, हे आज शंभर वर्षांनीही वाचता येतं.

विठाबाईंनाही मान मिळाला. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. योगीराज बागूल यांनी त्यांचं चरित्र लिहिलं. राज्य सरकारचा तमाशाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावानं दिला जातो. पण अखेरची वर्षं हलाखीत गेली, आणि २००२ साली त्या गेल्या. वर्तमानपत्रांच्या नाट्यसमीक्षेत तमाशाला जागा थोडीच होती. फड एका रात्रीत गाव सोडणार. समीक्षक शहरातल्या नाट्यगृहात बसलेला. मग आठवणीत उरली ती वेदना, कारण ती सांगायला सोपी.

आणि त्या गोष्टीतही प्रेक्षक आहेत, हे विसरू नका. बाई पुन्हा बोर्डावर येतेय हे कळल्यावर लोकांनीच खेळ थांबवायला लावला, असं सांगतात. दौलतजादा उधळणारा हाच तो गावकरी. तो जाणकार होता.

गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावात आजही राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या जत्रांना फड लागतो. विठाबाईंना प्रत्यक्ष पाहिलेली माणसं आता सत्तरीच्या पुढं आहेत. त्यांना बाळंतपणाची गोष्ट विचारू नका. वग कोणता होता, बाई कुठं थांबल्या, कुठल्या वाक्याला मांडव गप्प झाला, एवढं विचारा आणि लिहून ठेवा. विठाबाईंची समीक्षा तिथून सुरू होईल.